विमान कंपन्या एक झाल्यावर ज्येष्ठता यादी: नुसती नेमणुकीची तारीख का चालत नाही?

प्रश्न
अमेरिकेत यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट 2005 मध्ये एक झाल्या, पण वैमानिकांच्या याद्या पुढे कितीतरी वर्षं वेगळ्याच राहिल्या. आधी लागला तो वर, इतकं सरळ का नाही? 2007 मध्ये लवादाने नेमकं काय केलं?

उजवीसीट
आकडे मांडूनच बघा. ‘अ’ कंपनीत 300 वैमानिक, ‘ब’मध्ये 100. ‘अ’ची वाढ खुंटलेली, 12 वर्षं झालेलाही अजून फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. ‘ब’ भराभर वाढली, सहा वर्षांत कॅप्टन. आता ‘ब’चा 20वा कॅप्टन घ्या. ‘अ’मधले 240 जण त्याच्याआधी लागलेत.

तारखेने लावलं तर तो 400 मध्ये 260वा. पुढच्या बिडला, म्हणजे ज्येष्ठतेनुसार पसंती मांडायच्या फेरीत, बेस, विमान, सुट्ट्या, सगळं हातचं जातं. कपात आली तर डावी, म्हणजे कॅप्टनची, सीटही. 3:1 प्रमाणात, म्हणजे ‘अ’चे तीन, मग ‘ब’चा एक असं लावलं तर 80वा, म्हणजे होता तिथेच. पण ‘अ’कडे वाइडबॉडीचे (दोन मार्गिकांच्या मोठ्या विमानांचे) 60 कॅप्टन आहेत, ‘ब’कडे एकही नाही. ते 60 वर ठेवायचे, मग नॅरोबॉडीचे (एका मार्गिकेच्या विमानांचे) ‘अ’चे 90 आणि ‘ब’चे 40 कॅप्टन 9:4 ने गुंफायचे: 60 + 45 + 20 = 125. माणूस एक, क्रमांक तीन.

ताराआणिटेल
2007 चे लवाद जॉर्ज निकोलाऊ यांचा निवाडा या तिसऱ्या रीतीच्या जवळचा. वरची 500हून जास्त नावं यूएस एअरवेजची, कारण वाइडबॉडी त्यांच्याकडे. मधले प्रमाणात. फर्लोवर (कपातीत तात्पुरते घरी बसवलेले) असलेले तळाला, आणि घोळ झाला तो इथे: सुमारे 17 वर्षांपूर्वी लागलेला माणूस काही महिन्यांपूर्वी लागलेल्याच्या खाली गेला. गणित बिनचूक असेल, पण पचणार कुणाला?

निवाडा बंधनकारक होता. पण यादी लागू व्हायला दोन्ही गटांचा एकच वेतन-करार लागतो, आणि तो झालाच नाही. संख्येने जास्त असलेल्या यूएस एअरवेजवाल्यांनी 2008 मध्ये युनियनच बदलली. नवीचं धोरण नेमणुकीची तारीख. अमेरिका वेस्टचे वैमानिक कोर्टात गेले; 2010 मध्ये अपील कोर्ट म्हणालं, दावा अकाली आहे. 2015 मध्ये त्याच कोर्टाने नव्या युनियनला न्याय्य प्रतिनिधित्व न केल्याबद्दल दोषी धरलं. अखेरची यादी लागली ती अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्यावर, 2016 च्या लवादातून.

उजवीसीट
एक भर. 2007 च्या मॅकास्किल-बाँड कायद्याने न्याय्य एकत्रीकरण आणि न जमल्यास लवाद सक्तीचा केला; सूत्र मात्र दिलेलं नाही. दोन्हीकडे एकच युनियन असेल तर तिचंच धोरण चालतं. युनायटेड-कॉन्टिनेन्टलच्या 2013 च्या निवाड्यात पद-विमानाला 65 टक्के, सेवाकाळाला 35 टक्के वजन होतं. वरच्या कॅप्टनला तेच लावा: 125 × 0.65 + 260 × 0.35, म्हणजे साधारण 172 गुण. सगळ्यांचे असे गुण काढून पुन्हा क्रम लावायचा.

यादी वाचताना आधी अटी बघा: कोणत्या तारखेची स्थिती धरली, फर्लोवाले कुठे बसवले, वाइडबॉडीभोवती किती वर्षांचं कुंपण, म्हणजे त्या जागा एका गटासाठी किती काळ राखीव. आणि ‘नो बंप, नो फ्लश’ आहे का. असेल तर नव्या क्रमांकाच्या जोरावर बसलेल्याला कुणी उठवू शकत नाही, तो क्रमांक पुढच्या रिकाम्या जागेपासून चालतो.