अलास्कात विमान आणि बोटीनं अस्वलं बघायला एका दिवसाची सहल: आई-बाबांची तयारी कशी करावी?

साकोलीकर
नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा (वय ५९ आणि ६६) अलास्कातल्या कटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स धबधब्यावर अस्वलं बघायला जाणार आहेत. अँकरेजहून विमानानं किंग सॅमन, पुढं गाडीनं तलावाचा काठ, मग नाकनेक तलावातून बोट. परतताना पाण्यावर उतरणारं छोटं विमान. सोबत गाइड आहे. नागझिरा, नवेगाव, ताडोबा दोघांचं झालंय, पण सगळं जिप्सीत बसून. इथं पायी चालायचं आहे. आईला शुगर, बाबांना खर्र्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) सवय. आणि अस्वल म्हटलं की आमच्याकडं मोहफुलाचे दिवस आठवतात, त्यामुळं आईच्या मनात धाक आहे. कपडे, खाणं, सामान, वागणं, काय काय सांगून ठेवू?

नागझिरा_बफर
ताई, आधी काकूंच्या धाकाचं बोलू. आपलं अस्वल वाळवी, मोहफुलं, बोरं यांवर जगतं. मोह वेचणारा माणूस झुंजुमुंजूला खाली वाकलेला असतो, दोघांनाही एकमेकांची चाहूल लागत नाही आणि अगदी जवळ आल्यावर ते बिथरून अंगावर येतं. ब्रुक्सचं अस्वल तपकिरी, आपल्यापेक्षा कितीतरी मोठं; हिवाळ्याआधी मोठा नर साडेचारशे किलोच्या वर भरतो. पण जुलैत सॉकाय जातीचे सॅमन मासे समुद्रातून नदीत चढत असतात, धबधब्यावरून उड्या मारतात, आणि अस्वलांचं सगळं ध्यान त्या माशांत असतं. माणसं वर्षानुवर्षं त्याच वाटेनं, तशीच वागत येत असल्यानं ती माणसाकडं फारसं बघत नाहीत. माणसाजवळ खायला मिळतं हे अस्वलाला एकदा जरी कळलं, तरी हे सगळं बिघडतं. तिथले बहुतेक नियम त्यासाठीच आहेत.

किनाऱ्यावर उतरलं की फोटोसाठी पांगायचं नाही, सरळ व्हिजिटर सेंटर. तिथं रेंजर अस्वलांसमोर कसं वागायचं ते समजावतात आणि ते ऐकल्याशिवाय पुढं जाता येत नाही. इंग्रजीत असतं, म्हणून तुम्ही घरीच मराठीत सांगून ठेवा. मग खाण्याच्या वस्तू तिथल्या बंदिस्त कोठीत ठेवायच्या. चिवडा, चटणी, सुपारी, चहाचा थर्मास, वासाचं काहीही. खर्राही त्यातच आला. वाटेवर आणि धबधब्याजवळ अस्वलं बघायला बांधलेल्या मचाणावर तोंडात काही चालत नाही, फक्त साधं पाणी. बाबांना चार-पाच तास खर्र्याविना काढायचे आहेत, तेव्हा आठवडाभर आधीपासून मधलं अंतर वाढवत न्या. त्या दिवशी ऐनवेळी चिडचिड नको.

काकूंच्या शुगरसाठी हीच गोष्ट महत्त्वाची. मचाणावर जायचा नंबर लागेपर्यंत तास-दीड तास सहज जातो, आणि तिथं बिस्किटसुद्धा तोंडात टाकता येत नाही. त्यामुळं धबधब्याच्या वाटेवरचा नदीचा पूल ओलांडण्याआधी, खायला ठरवून दिलेल्या जागी बसून पोळी-भाजी नीट पोटभर खाऊन घ्यायची. गोळीची वेळ त्या दिवसापुरती कशी बदलायची ते डॉक्टरांना इथंच विचारा. शुगर उतरली तर काय करायचं, ग्लुकोज कुठं ठेवायचं, हे गाइडकडून रेंजरला सुरुवातीलाच विचारून घ्या.

चालताना आपली सवय मोडावी लागते. आपल्याकडं जंगलात गप्प राहायला शिकवतात, तिथं बोलत चालायचं. वळणावर, झाडोऱ्यात टाळ्या वाजवायच्या, म्हणजे अस्वलाला आधीच कळतं. अंतर किमान ५० यार्ड, म्हणजे ४५ मीटर. गावातल्या दोन विजेच्या खांबांमध्ये साधारण असतं तेवढं. अस्वल वाटेनं समोरून आलं तर एकत्र थांबायचं, हळू आवाजात बोलत मागं सरकायचं, वाट त्याला सोडायची. पळायचं अजिबात नाही. पिशवी खाली ठेवून दोन पावलंही दूर जायचं नाही.

टेलीलेन्स_गोंदिया
विमानाचं मी सांगतो. छोट्या विमानात प्रत्येकाचं वजन विचारतात, काही ठिकाणी काट्यावरच उभं करतात, आणि त्यावरून कोण कुठं बसणार ते ठरतं. कपडे, बूट, पिशवी धरून खरं वजन पौंडात सांगा (किलोला २.२ नं गुणा). कमी सांगितलं तर पायलटचा भार आणि इंधनाचा हिशेब चुकतो, आणि हा धोका सगळ्यांनाच. कडक सुटकेस नको. मऊ पाठपिशवी एकच, कारण सामान मागच्या किंवा खालच्या तरंगत्या पट्ट्यांतल्या (या विमानांना चाकांच्या जागी असतात त्या) अरुंद कप्प्यात कोंबतात. अस्वलासाठीचा तिखट फवारा विकत घेऊन बॅगेत टाकू नका. अमेरिकेत प्रवासी विमानात तो हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. ड्रोनही घरीच, तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे.

उतरताना तरंगत्या पट्ट्यावरून काठावर पाय टाकावा लागतो, कधी घोटाभर पाण्यात. चप्पल-सँडल नको, घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे, पकड असलेले बूट हवेत, आणि ते इथंच पंधरा दिवस वापरून मऊ करून घ्या. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंग गार पडतं. अंगालगत सिंथेटिक बनियन, वर लोकरी किंवा फ्लीस, त्यावर पावसाची पँट आणि जॅकेट. जुलैतही आपल्या पौषासारखा गारठा लागू शकतो. कानटोपी आणि हातमोजे बोटीसाठी. नाकनेक तलाव मोठा आहे, वारा सुटला की लाटा उसळतात, पाण्याचे फवारे अंगावर येतात. नवेगाव बांधातल्या बोटीसारखं संथ समजू नका. मळमळीची गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी; पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. गुंगी येते आणि बाकीच्या औषधांशी जमेल का हे बघावं लागतं, म्हणून तीही डॉक्टरांना विचारून.

टोपीवर घालायची बारीक जाळी घ्या, डास आणि चावऱ्या माश्या दोन्ही असतात. कॅमेऱ्याला १००-४०० लेन्स भरपूर झाली.

झाडीपट्टी
राजेहो, एक गोष्ट कोणी लिवलीच नाही. धुकं. धुकं पडलं की विमान उडत नाही, मग कितीही पैसे भरलेले असोत. अँकरेजवरून परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका, किमान एक दिवस मोकळा ठेवा. रद्द झालं तर पैसे कसे परत मिळतात ते बुकिंग करतानाच लिहून घ्या.

साकोलीकर
धुक्याचं डोक्यातच नव्हतं, तिकीट एक दिवस पुढं ढकलते. आईचे गुडघे दुखतात. चालणं किती? आणि मोबाईल लागतो का?

नागझिरा_बफर
व्हिजिटर सेंटरपासून धबधब्याचं मचाण साधारण दोन किलोमीटर, एका बाजूचं. नदीवर उंच पूल आहे, धबधब्याजवळ लाकडी फळ्यांची वाट आहे, मधली वाट जंगलातली. काकूंना एका वेळी चाळीस-पन्नास मिनिटं धरा. वारा उलटा असेल तर विमान नाकनेकऐवजी ब्रुक्स तलावावर उतरतं, मग चालण्याचा हिशेब बदलतो. गाइडला आधीच सांगून ठेवा.

मचाणावर एका वेळी ४० माणसं. जुलैत नाव लिहावं लागतं आणि मिळतो तो फार तर तासभर. तेव्हा जमिनीवर पाच तास असतील तर हिशेब असा: रेंजरचं ऐकणं आणि जेवण एक तास, चालणं दीड तास, थांबणं एक तास, बघणं एक तास. उरला अर्धा तास, तोही अस्वल पुलाशी येऊन बसलं की गेला, कारण ते हलेपर्यंत कोणालाच पुढं सोडत नाहीत. विमान त्यामुळंच चुकतं. मचाणावरून निघायची वेळ गाइड सांगेल त्याच्याही वीस मिनिटं आधी धरा. मचाणावर संडास नाही, पूल ओलांडण्याआधीच जाऊन घ्यायचं.

मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका. बोट सोडताना परतीची वेळ आणि जागा कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवा. नंबर उशिरा लागला तर नदीच्या खालच्या अंगाला पुलाजवळ दुसरं मचाण आहे. तिथं पिल्लं घेऊन आलेल्या माद्या बऱ्याचदा दिसतात, आणि गुडघ्यांनाही तेच सोयीचं.