टाका नेमका कोणता सुटला?

गाव दारव्ह्याकडचं, घर कापूसवाल्यांचं. दिवाळीनंतर माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि ऐन वेचणीत मी बाजेवर. डॉक्टरांनी वाकायचं नाही, उचलायचं नाही म्हणून सांगितलं. बोटांबद्दल काही बोलले नाहीत. लोकर नव्हती, तर दिराचा कॉलेजातला स्वेटर उसवला. सुया नव्हत्या, तर मामाजींनी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात) बांबूच्या कमच्या तासून, काचेच्या तुकड्यानं घासून दिल्या. सायकलच्या तारेचं टोक वाकवून क्रोशाची सुई झाली. दहा दिवसांत एक कानटोपी, बिनबोटांचे हातमोजे आणि सासूबाईंच्या चष्म्याला पिशवी.

आता मुद्द्याचं. टोपी विणताना पाच ओळी खाली एक टाका निसटलेला दिसला. मी बाजेवरूनच ओरडले, "टाका सुटला व माय!" अंगणात सात वर्षांची पुतणी होती. ती पोट्टी धावत वावरात गेली आणि "काकूचा टाका सुटला" एवढंच बोलली. अर्ध्या तासात नवरा, मामाजी आणि शेजारच्यांचा ऑटो दारात. मी टोपी दाखवली. मामाजी म्हणाले, "मंग लोकरीचा म्हन ना बाई."

तर विचारायचं हे: पोटावरचा टाका आणि टोपीचा टाका यांना एकच शब्द का? तुमच्याकडे लोकरीच्या टाक्याला दुसरं काही म्हणतात का? आमच्याकडे सासूबाई 'घर' म्हणतात, नागपूरची जाऊबाई 'फंदा' म्हणते.

निवृत्त शिवणबाई: हसू आलं, पण काळजी घे गं, हसताना पोटाला उशी लाव. शब्द एकच असला तरी क्रियापदं बघ. जखमेला टाके *पडतात*. 'किती टाके पडले?' असं आपण विचारतो. लोकरीचे टाके सुईवर *घालतात*, शेवटी *बंद करतात*. शिवणात टाका *मारतात*. जखमेचे टाके *काढतात*, ते काढले की बरं वाटतं. लोकरीचे काढले की रडू येतं. 'सुटणे' मात्र सगळीकडे चालतं, तिथेच तुझी पुतणी फसली. 'निसटला' म्हणाली असतीस तर ऑटो आला नसता. क्रोशात ही भानगड नाही. तिथे टाक्यांची नावंच साखळी आणि खांब. दोरा सुईवर गुंडाळून घेतला की खांब, न गुंडाळता काढला की मुका खांब. मुलींना शिकवताना "आता पुढच्या घरात मुका घे" म्हटलं की अख्खा वर्ग खिदळायचा. तीस वर्षं तेच वाक्य, तीस वर्षं तेच हसू.

सराफ्यातला: आमचा टाका विसरू नका. दागिन्याचे दोन तुकडे जोडायला जो मिश्रधातू वितळवतात, तोही टाकाच. गिऱ्हाईक जुनं सोनं मोडायला आणतं तेव्हा 'यात टाका किती?' हा पहिला प्रश्न, कारण तेवढं सोनं कमी धरायचं. हा टाका, म्हणजे डाक, लावताना वापरतात तो टाकणखार, संस्कृतात टङ्कण. धातुपाठात 'टकि बन्धने' असा धातू दिला आहे, टकि म्हणजे बांधणे. कापड, कातडी, सोनं, काहीही असो, दोन वस्तू जोडते ती गोष्ट टाका. हिंदीतला टाँका तोच.

बाजेवरची (धागाकर्ती): म्हणजे टोपीतला टाका खोटाच की! तो कशाला काय जोडतो? एकच दोरा, त्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढलेला. दोन वस्तूच नाहीत.

पुण्याहून: विदर्भात कानटोपी? तिथे ४५ अंश असतात ना?

निवृत्त शिवणबाई: मे महिन्यात. २०१८च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. शेतात पहाटे पाणी द्यायला जाणाऱ्याला विचारा कानटोपी कशाला ते.

पवनीचा कोष्टी: बाजेवरच्या ताईंचं बरोबर आहे, आणि माझी जुनी तक्रार त्याच्याही पुढची आहे. हे दोन सुयांचं काम 'विणकाम' झालंच कसं? आम्ही मागावर करवतकाठी लुगडी विणली, त्यात ताणा असतो, बाणा असतो, उभे दोरे आडव्यांत अडकतात. बाज विणतात, चटई विणतात, बुरूड टोपली विणतो, तिथेही उभं-आडवं आहे. लोकरीत उभं-आडवं काहीच नाही. मग टोपी करणारीला विणकर म्हणता का? नाही म्हणत. क्रियापद घेतलं, मान नाही दिला.

एकच जवळचा नातलग सापडतो. आमच्याकडे तलावांवर ढिवर लोक जाळं विणतात तेही एकाच दोऱ्यानं. पण त्यात दर घराला गाठ पडते. जाळं ओढून उसवत नाही, कापावं लागतं.

निवृत्त शिवणबाई: 'उसवणे'ही उसनाच. उत् अधिक सिव्, म्हणजे शिवलेलं सोडवणं. स्वेटरला शिवलेलं असतं कुठे? मला वाटतं, ही कला आपल्याकडे इंग्रजी अमदानीत मिशनऱ्यांच्या शाळांतून पसरली, आणि बायकांनी घरात जे शब्द होते त्यांच्यावरच काम भागवलं. शिवणातून टाका आणि उसवणं आलं, मागावरून विणणं, सुताराकडून खांब, कोळ्याकडून जाळी. क्रोशे तेवढा फ्रेंच, अर्थ छोटा आकडा, म्हणजे हूक. आणि आपण त्याला म्हणतो 'क्रोशाची *सुई*'. भोक नाही, टोचत नाही, तरी सुई!

शब्दकोशप्रेमी: फासासाठी 'पाश' हा उत्तम तत्सम शब्द उपलब्ध असताना...

बाजेवरची: पाश म्हटलं की यम आठवतो. ऑपरेशन झालेल्या बाईला नको तो शब्द.

सराफ्यातला: आणि 'फंदा' बरा का? हिंदीत तोही फासच.

बाजेवरची: फंद्याचं वेगळंच झालं. जाऊबाईंनी फोनवर विचारलं, "किती फंदे घेतले?" फोन स्पीकरवर होता. सासूबाईंना 'फंद' ऐकू आला. "बिमार मानसाले कायचे फंद?" झालं, दुपारभर मी त्यांना समजावत होते. तेव्हा आमच्या घरात फंदा बाद. सुलट-उलटला मात्र जाऊबाईंचं 'सिधा-उलटा'च चालतं, त्याला कोणाची हरकत नाही.

मला 'घर' सगळ्यात पटतंय. काजाचं घर असतं, सोंगट्यांच्या पटावर घर असतं, जाळ्यातही कोष्टीदादांनी सहज 'दर घराला' म्हटलंच. रिकामी जागा, जिच्यातून काहीतरी जातं. फास तसाच आहे. फक्त "पाच ओळी खाली माझं घर सुटलं" असं ओरडले तर पुतणी काय सांगत सुटेल ते देव जाणे.

निवृत्त शिवणबाई: सुटलेलं घर वर आणलंस का? क्रोशाची सुई खालून घाल आणि एकेक आडवा दोरा त्यातून ओढत वर ये. उसवू नकोस.

बाजेवरची: आणलं, सायकलच्या तारेनंच. टोपी थोडी आखूड झाली, तिला खाली मुक्या खांबांची लाल किनार लावली. पोटावरचे टाके शुक्रवारी काढले. आता उसवलेल्या लोकरीला शब्द सांगा. धुऊन, खाली वजन टांगून वाळवायच्या आधी ती जी कुरळी, वाकडीतिकडी असते, तिला. पुतणी 'मॅगी' म्हणते आणि सासूबाईंनीही आता तोच धरलाय.