हेझब्राचा कडा: 'दगड टाका' म्हणणाऱ्या गावकऱ्यांचं चुकतंय का?

नॉर्विचकर

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्विचपासून तीसेक किलोमीटरवर हॅपिसबर्ग नावाचं गाव आहे. लिहितात असं, पण उच्चार 'हेझब्रा'. अकरा वर्षं मी नॉर्विचला राहते आणि वर्षातून एकदा तरी तिथल्या बीच रोडला जाऊन येते. हा रस्ता समुद्राकडे जाता जाता मध्येच संपतो. आडवा अडसर लावलेला आहे, त्याच्या पलीकडे काहीच नाही. खालून पाहिलं तर कड्याच्या पोटातून तुटके पाइप लोंबताना दिसतात. 1990 नंतर या रस्त्यावरची दोन डझनांहून जास्त घरं गेली.

हा कडा दगडाचा नाही. हिमयुगात बर्फाने आणून टाकलेली वाळू, गाळ आणि चिकणमाती, एवढंच त्यात आहे. 1953 साली उत्तर समुद्राला महापूर आला, इंग्लंडमध्ये 307 माणसं गेली. त्यानंतर इथे कड्याच्या पायथ्याशी लाकडी ओंडक्यांची आडवी भिंत उभी केली गेली. 1990-91 च्या वादळांत तिचा मोठा भाग मोडला आणि तो पुन्हा बांधला गेला नाही. कारण इथला 1949 चा किनारा संरक्षण कायदा स्थानिक परिषदेला बांधायचा अधिकार देतो, पण बांधलंच पाहिजे असं बंधन घालत नाही. खर्च आणि फायदा मांडला की गाव तोट्यात दिसतं.

1999 मध्ये गावकऱ्यांनी कृती गट काढला. 2002 मध्ये सुमारे 4,000 टन दगड पायथ्याशी पडले. पुढे 'हेझब्रासाठी एक दगड विकत घ्या' अशी मोहीम काढून लोकांनी वर्गणी जमवली. तरीही त्यांना 'समुद्राशी भांडणारे' म्हणून हिणवलं जातं. मला ते मान्य नाही. समुद्र कायमचा थांबेल असं त्या लोकांपैकी कुणीच म्हणत नाही. त्यांना वेळ हवा आहे. आणि वेळ देणार नसाल तर घराची किंमत द्या, एवढंच मागणं आहे.

कारण इंग्लंडमध्ये कडा ढासळून घर गेलं तर भरपाई नाही. घराचा विमा किनाऱ्याची धूप धरत नाही. घर पाडण्याच्या खर्चासाठी 6,000 पौंडांपर्यंत अनुदान मिळतं, घराचे पैसे मिळत नाहीत. आपलं घर पाडायची सोय आधी आपणच बघायची. हे न्यायाचं वाटतं का तुम्हाला?

भूस्तर

भूशास्त्र शिकलो आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. दगड टाकणं हा दुसऱ्याच्या ताटातला घास काढून घेण्याचा प्रकार आहे.

नॉरफोकच्या त्या भागात वाळू किनाऱ्याला समांतर आग्नेयेकडे सरकते. हेझब्राचा कडा पडतो, त्यातली वाळू खालच्या, म्हणजे आग्नेयेकडच्या, गावांच्या पुळणीवर (किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्यावर) जाते. पुळण रुंद असली की लाटेचा जोर तिच्यावरच मोडतो. त्या खालच्या किनाऱ्यामागे ब्रॉड्सची सखल पाणथळ जमीन आहे. सी पॉलिंगला 1953 च्या पुरात 7 माणसं गेली ती याच पट्ट्यात. वरचा कडा दगडांनी बांधून टाकलात तर खालचं पोट उपाशी राहतं.

यॉर्कशायरचं मॅपलटन बघा. गाव आणि रस्ता वाचवायला 1991 मध्ये समुद्रात दगडांचे दोन आडवे धक्के घातले. गाव वाचलं. दक्षिणेला लगतच्या ग्रेट काउडनला वाळू मिळेना, तिथली धूप वाढली आणि शेतकऱ्यांचे गोठे-घरं गेली. त्यांनी काय पाप केलं होतं?

आणखी एक. हा कडा नुसता खालून खाल्ला जात नाही. पावसाचं पाणी वरच्या वाळूतून झिरपतं, खालच्या चिकणमातीवर अडतं आणि तिथून बाहेर फुटतं. मग अख्खी दरड घसरते. समुद्र पायथा कुरतडतो आणि पडलेला ढिगारा उचलून नेतो. पायथ्याला कितीही दगड टाका, वरचं पाणी थांबत नाही.

हिशेबनीस

मी जरा रूक्ष बोलणार आहे. कड्याच्या काठचं घर स्वस्त का मिळतं? कारण ते जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. जवळच एक्ल्सच्या चर्चचा मनोरा 1895 मध्ये समुद्रात कोसळला, आजूबाजूचं गाव त्याच्या कितीतरी आधी गेलेलं. म्हणजे ही धूप काल सुरू झालेली नाही. समुद्राचा देखावा माझा, आणि तोटा मात्र लीड्समध्ये भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या नर्सच्या करातून? मला हे पटत नाही. तिचं स्वतःचं घरच नाही.

नॉर्विचकर

हिशेबनीस, स्वस्तात घेणारे काही असतील. पण ज्याने 1970 च्या सुमारास घर घेतलं, त्याच्या डोळ्यांसमोर सरकारी पैशाने बांधलेली भिंत उभी होती आणि तिची डागडुजीही होत होती. भिंत आहे म्हणून त्याने घर घेतलं. ती पुढे सोडून देण्याचा निर्णय त्याचा नव्हता. तुमचा युक्तिवाद फार तर कालच्या गिऱ्हाइकाला लागू होईल, पन्नास वर्षं राहिलेल्या म्हाताऱ्याला नाही.

आणि भूस्तर, तुम्ही सांगितलेलं सगळं मला मान्य आहे. पण ते नीट वाचून बघा. खालच्या गावांना आणि ब्रॉड्सला वाळू हवी, म्हणून वरचा कडा पडू द्यायचा. म्हणजे त्या म्हाताऱ्याची परसबाग हा तुमच्या योजनेतला कच्चा माल आहे. रेल्वेसाठी शेत घेतलं तर मोबदला देता ना? मग हे संपादन नाही का? फरक एवढाच की इथे कब्जा घ्यायला अधिकारी न येता लाट येते.

खारवारा

रत्नागिरीहून लिहितोय. आमच्याकडे कहाणी उलटी आहे, म्हणून राहवलं नाही.

आमच्या वाडीत उधाणाची भरती आणि नैर्ऋत्येचा वारा एकत्र आला की पाणी थेट माडांच्या मुळाशी यायचं. आत्याच्या परड्यातले सात माड माझ्या डोळ्यांदेखत पडले. आम्हीही अर्ज केले, मोर्चे नेले, आमदारांच्या दारात बसलो. शेवटी धूपप्रतिबंधक बंधारा झाला. काळ्या दगडांचा, माणसापेक्षा उंच. आत्याचं घर आज उभं आहे, त्याबद्दल मी कधीही वाईट बोलणार नाही.

पण बंधारा झाला आणि दोन-तीन पावसाळ्यांत समोरची पुळण गेली. लाट दगडावर आपटते, परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते. वाडीत रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं. रापण ओढायला तीस-चाळीस माणसांना उभं राहायला सपाट वाळू लागते. दगडांवर उभं राहून रापण कशी ओढणार? होड्या वर घ्यायलाही जागा उरली नाही, त्या आता पलीकडच्या खाडीत ठेवाव्या लागतात. बंधारा संपतो तिथे पुढच्या वाडीची जमीन आता तुटायला लागली आहे. त्यांचेही अर्ज सुरू आहेत. त्यांनाही बंधाराच हवाय.

राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राच्या अहवालाप्रमाणे 1990 ते 2018 या काळात देशाच्या मुख्य भूमीचा 33.6 टक्के किनारा झिजत होता. एवढ्या सगळ्याला दगड लावायचे म्हटलं तर सह्याद्री पुरायचा नाही. तरीही नॉर्विचकरताई, तुमच्या त्या गावकऱ्यांच्या जागी मी असतो तर दगडच मागितले असते. रात्री उधाणाचा आवाज ऐकत पडलेल्या माणसाला पुढच्या वाडीचं दुःख दिसत नाही. हे बरोबर आहे असं म्हणत नाही, पण होतं असं.

सुरूबन

दगड नको तर वाळू द्या, हा मार्ग कुणी का बोलत नाही? हेझब्राच्या वायव्येला काही किलोमीटरवर बॅक्टन आहे. 2019 च्या उन्हाळ्यात तिथे समुद्रतळातून उपसलेली 18 लाख घनमीटर वाळू किनाऱ्यावर पसरली. कल्पना डच लोकांची, त्यांनी 2011 मध्ये 'वाळूचं इंजिन' म्हणून याहून कितीतरी मोठा ढीग समुद्रात उभा केला होता. बॅक्टनची वाळू हळूहळू आग्नेयेकडे सरकते, म्हणजे खालच्या गावांना खायलाही मिळतं. भूस्तर यांची हरकत इथे गळून पडते.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. ही वाळू पडली कारण बॅक्टनला गॅस टर्मिनल आहे, म्हणजे समुद्रातल्या पाइपलाइनने येणारा गॅस उतरवून घेणारं केंद्र. शेजारच्या दोन गावांना फायदा झाला, पण टर्मिनल नसतं तर त्यांनाही 'माघार घ्या' असंच सांगितलं असतं. पाइपलाइनला वाळू, माणसाला माघार.

हिशेबनीस

ब्रिटनच्या गॅसचा एक तृतीयांशपर्यंत पुरवठा त्या टर्मिनलमधून होऊ शकतो. ते पडलं तर लाखो घरांची चूल बंद. शिवाय दोन कोटी पौंडांच्या आसपासच्या त्या खर्चाचा मोठा वाटा टर्मिनलवाल्या कंपन्यांनी उचलला. ज्याचा फायदा त्याने पैसे दिले, यात अन्याय कुठला? आणि ती वाळूही 15-20 वर्षांत वाहून जाणार, मग पुन्हा टाका. एका गावासाठी दर वीस वर्षांनी हा खर्च कुठल्याच हिशेबात बसत नाही.

नॉर्विचकर

तुमच्या हिशेबात घराची किंमत आहे. गावाची नाही. हेझब्राचं 1790 चं दीपगृह ट्रिनिटी हाउस ही दीपगृहं सांभाळणारी संस्था बंद करणार होती. 1990 मध्ये गावाने संसदेत स्वतंत्र कायदा करवून ते स्वतःच्या हाती घेतलं, आणि आजही गावच चालवतं. चर्चचं आवार कड्याकडे सरकत नाहीये, कडा त्याच्याकडे सरकतोय. कबरींत ज्यांची माणसं आहेत त्यांना तुम्ही कुठला भाव लावणार?

मुखवास

एक गोष्ट कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. मे 2013 मध्ये याच किनाऱ्यावर वादळाने वाळू धुतली आणि खालच्या गाळात माणसांच्या पायांचे ठसे उघडे पडले. आठ लाखांहून जास्त वर्षांपूर्वीचे, आफ्रिकेबाहेर सापडलेले सर्वांत जुने. त्यात लहान मुलांचे पायही होते. संशोधकांनी घाईघाईने छायाचित्रं आणि मापं घेतली आणि काही आठवड्यांत भरतीने ते ठसे पुसून टाकले. किनारा दगडाखाली झाकला असता तर ते कुणालाच दिसले नसते. धूप म्हणजे निव्वळ नुकसान असं मला म्हणवत नाही.

खारवारा

मुखवासताई, माहिती मोलाची आहे, पण ज्याचं स्वयंपाकघर अर्धं लोंबकळतंय त्याच्यासमोर हे बोलू नका. आत्याचे माड पडले तेव्हा एक गृहस्थ म्हणाले होते, 'सृष्टीचा नियम आहे.' आत्या त्यानंतर त्यांच्याशी कधी बोलली नाही.

भूस्तर

नॉर्विचकर यांच्या 'कच्चा माल' या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. दगडांना माझा विरोध कायम आहे, पण मोबदल्याला नाही.

हे झालेलंही आहे. 2009 ते 2012 दरम्यान सरकारने प्रायोगिक योजना काढली, उत्तर नॉरफोकला सुमारे 30 लाख पौंड मिळाले. त्यातून बीच रोडवरची 9 घरं विकत घेऊन पाडली गेली. धूप नसती तर जी किंमत असती तिच्या साधारण 40 ते 50 टक्के मालकांना मिळाले, आणि पाडलेल्या घरांच्या बदल्यात आत, सुरक्षित जागी घरं बांधायची परवानगी दिली गेली. मग योजना संपली. त्यानंतर ज्यांची घरं गेली त्यांना पुन्हा शून्य. भारतात पंधराव्या वित्त आयोगाने धुपीमुळे उठावं लागलेल्यांच्या पुनर्वसनासाठी 1,000 कोटी रुपयांची शिफारस केली होती. म्हणजे तत्त्व नवीन नाही. भांडायचं तर यासाठी भांडा. एकदाच्या प्रयोगासाठी नको, कायद्यातल्या हक्कासाठी.

हिशेबनीस

निम्म्या किमतीला माझी ना नाही, धोका माहीत होता त्याचा वाटा मालकाने उचलावा. पण ज्याने धुपीचा आराखडा जाहीर झाल्यावर घर घेतलं त्याला काही मिळू नये. यावरून मी हटणार नाही.

नॉर्विचकर

चालेल, तारखेची अट घाला. पण मग तीच तारीख सरकारलाही लावा. ज्या दिवशी 'हा कडा राखायचा नाही' असं कागदावर आलं, त्याच दिवशी त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराचा भाव कोसळला. समुद्र तेव्हा अजून बागेच्या पलीकडे होता. मूल्यांकन त्याच्या आदल्या दिवसाच्या भावाने व्हावं. आणि कडा दारापासून दहा मीटरवर येईपर्यंत थांबू नये, कारण तोवर राहणारा माणूस ऐंशीचा झालेला असतो आणि त्याला नवं घर बांधायला सांगण्यात अर्थ नसतो.

खारवारा, पुढच्या वाडीच्या अर्जाचं काय झालं ते इथे जरूर लिहा. वाळू टाकण्याचा पर्याय त्यांच्यापुढे कुणी ठेवला आहे का, आणि रापणवाल्यांना कुणी विचारलं का?

खारवारा

विचारलं नाही. येत्या ग्रामसभेत मी स्वतः मांडणार आहे. बॅक्टनचे फोटो असतील तर पाठवा. वाळू आधी आणि नंतर, दोन्ही. आमच्या लोकांना दाखवायला लागतील.