‘सेरिफ’ला मराठीत काय म्हणाल?

बोरूबहाद्दर: एका दिवाळी अंकासाठी ‘कॅस्लन’ या इंग्रजी टाइपावरचा लेख मराठीत करतोय. गाडी ‘सेरिफ’वर अडली. रोमन अक्षराच्या रेघेला टोकाशी बारीक आडवं पाऊल फुटतं, ते. संपादकबाईंनी ‘तलरेषिका’ सुचवलंय. घरात वाचून दाखवलं, कुणालाच उमगलं नाही.

सदाशिवपेठी: चूकच आहे. ‘टी’च्या आडव्या दांडीलाही सेरिफ असतं. तिथे तळ कुठला?

खिळेवाला: वडील अप्पा बळवंत चौकाजवळ एका छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, होते. त्यांच्या तोंडून सेरिफ कधी ऐकलंच नाही. ‘टाइम्स लाव, बारा पॉइंट’ म्हटलं की काम सुरू. शब्दावाचून अडलं नाही कुणाचं.

माधुकरी: डच भाषेत रेघेला ‘स्ख्रेफ’ म्हणतात, त्यावरून आला असावा असा तर्क आहे. मला विचाराल तर सरळ आपला ‘शरीफ’! अंगभर कपड्यातलं अक्षर. सॅन्स-सेरिफ, म्हणजे सेरिफ नसलेलं, ते बेशरीफ.

सदाशिवपेठी: विनोद पुरे. ‘टंकाग्र’ घ्या. टंक म्हणजे छिन्नी, आणि सेरिफ छिन्नीतूनच आलं.

रेघोट्या: तेही वादातच आहे. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावरची (इ.स. 113) अक्षरं आधी सपाट कुंचल्याने रंगवली, मग कोरली, आणि सेरिफ कुंचल्याच्या वळणातून आलं, असं सुलेखनकार कॅटिच यांनी 1968 मध्ये मांडलं.
शिवाय सेरिफ काय एकाच जातीचं असतं? विल्यम कॅस्लन आधी बंदुकांवर नक्षी कोरायचा. त्याचं सुटं अक्षर जरा ओबडधोबडच दिसतं, पण पान जुळलं की डोळा कुठे अडत नाही. जाड-बारीक रेघांत फरक बेताचा, आणि सेरिफ दांड्यातून बाक घेऊन निघतं. बोदोनी या दुसऱ्या टाइपात ते केसाएवढं, काटकोनात. ‘पाऊल’ कॅस्लनला शोभेल, बोदोनीला नाही. अमेरिकेचा 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा कॅस्लनमध्ये छापला. बर्नार्ड शॉंचा तर आपल्या पुस्तकांसाठी त्याचाच हट्ट. लांबलचक मजकुराला उत्तम. दुकानाच्या पाटीवर मात्र मी लावणार नाही.

माधुकरी: आपली शिरोरेखा म्हणजे सेरिफच की!

रेघोट्या: मुळीच नाही. शिरोरेखा अक्षरं जोडते, सेरिफ रेघ संपवतं. देवनागरीतलं जाड-बारीक बोरूच्या कतीतून, म्हणजे टोकाच्या तिरप्या कापातून, येतं.

खिळेवाला: कत! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आता सुलेखनाच्या क्लासातली मुलंही ‘निब अँगल’ म्हणतात.

सदाशिवपेठी: म्हणूनच म्हणतो, आयते शब्द घेऊ नका. आणि घेतलाच तर ‘सेरीफ’ लिहा. अकारान्त शब्दाचं उपान्त्य दीर्घ.

बोरूबहाद्दर: तो नियम इंग्रजी शब्दांनाही?

सदाशिवपेठी: मराठीत आला की मराठीच.

माधुकरी: मग ‘ऑफीस’ लिहिता का हो?

सदाशिवपेठी: मी ‘कचेरी’ लिहितो.