यारा नदीकाठचा गम: रिव्हर रेड की मॅना?

पाणकाठ: मेलबर्न, यारा बेंड पार्क. अगदी पाण्यालगत जुने झाड. खोड करडे-पांढरे, गुळगुळीत, बुंध्याशी खरबरीत. पाने कोयत्यासारखी. रिव्हर रेड गम की मॅना गम (गम म्हणजे नीलगिरीच्याच कुळातली झाडे)? की आपल्याकडे लावतात तीच नीलगिरी?

रानवाट: खोडावरून ठरवू नका, दोन्हींचे असेच असते. कळ्या मोजा. पानाच्या बगलेतल्या एका दांड्यावर तीनच असतील तर मॅना, सात किंवा जास्त असतील तर रेड गम. पण निदान दहा गुच्छ पाहा. सातातल्या चार गळल्या की तीनच उरतात आणि हमखास फसगत होते. गळालेल्या कळीचा बारीक वण दांड्याच्या टोकाशी राहतो, तोही मोजायचा. रेड गमच्या कळीची टोपी, म्हणजे फुलताना गळून पडणारे झाकण, इथे चोचीसारखी टोकदार असते. महाराष्ट्रात बरीच लागवड टेरेटिकॉर्निस या नीलगिरीच्या जातीची आहे. तिची टोपी शिंगासारखी लांब, चोच नाही.

बुंध्याशी धुमारे असतील तर फारच उत्तम. मॅनाची कोवळी पाने अरुंद, बिनदेठाची, समोरासमोर. रेड गमची देठाची, रुंद, लवकरच एकाआड एक.

बोंडबी: सात कळ्या दिसल्या म्हणून लगेच रेड गम म्हणू नका. स्वॅम्प गम या तिसऱ्या जातीलाही सातच येतात. त्याचे बोंड नरसाळ्यासारखे, दात (बोंडाच्या तोंडावरच्या झडपांची टोके) काठाच्या पातळीला. पाने रुंद, कडा नागमोडी. रेड गमचे बोंड अर्धगोल, 5 ते 8 मिलिमीटर, दात काठाच्या चांगलेच वर. मॅनाचेही दात वर येतात, म्हणून या दोघांत निवाडा बोंडावर नको, बियांवर करा. पिकलेले बोंड कागदी पाकिटात ठेवा, काही दिवसांत उघडेल. भुसा (न रुजणारे बारीक कण) बाजूला सारून बी पाहा: रेड गमचे पिवळसर, मॅनाचे काळपट. पार्कात फांदी तोडू नका, खाली पडलेली डहाळी चालेल. मात्र ती शेजारच्या झाडाची नाही ना, हे वर पाहून ताडून घ्या.

नदीकाठ हा पुरावा धरू नका. याराकाठी मॅनाही मूळचाच. इथल्या वुरुंजेरी या मूळनिवासी लोकांच्या नावातला 'वुरुन' म्हणजे मॅना गम.

पाणकाठ: बारा गुच्छ पाहिले, वण धरून सात ते नऊ. टोपीला चोच. बोंड अर्धगोल, चार दात बाहेर. धुमाऱ्यांच्या पानांना देठ.

रानवाट: मग रिव्हर रेड गमच. बी पाहायचीही गरज नाही. आणि उन्हाळ्यात त्याच्याखाली सतरंजी टाकू नका. वारा नसतानाही त्याची मोठी फांदी अचानक कोसळते.