ल्वार खोरं: मुक्काम तूरला की आंब्वाजला? मदत हवी आहे

सप्टेंबरअखेरीस आम्ही दोघं आणि सासू-सासरे फ्रान्सला जातोय. पॅरिसनंतर चार रात्री ल्वार नदीच्या खोऱ्यासाठी ठेवल्यात. मुक्काम कुठे करावा यावरून घरात दोन तट पडलेत.

मला तूर शहर सोयीचं वाटतं. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून तेजेवे (TGV) या वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आसपास पोचता येतं, आणि शनाँसोच्या महालाकडे जाणारी लोकलही तिथूनच. शेर नदीवर कमानी टाकून बांधलेला हा महाल स्टेशनपासून अगदी चालत जाण्यासारखा आहे, म्हणून तो पक्का. सासऱ्यांना मात्र आंब्वाजलाच राहायचंय. लिओनार्दो दा व्हिंची शेवटची वर्षं तिथे राहिला, 1519 मध्ये तिथेच वारला. त्याचं क्लो ल्युसे हे घर त्यांना निवांत बघायचंय.

खरी अडचण शांबोरच्या महालाची. तिथे रेल्वे नाही. ब्ल्वा शहराहून बस असते, पण वेळा जुळवताना डोकं फिरलं. एका दिवसापुरती गाडी भाड्याने घ्यावी का? उजव्या बाजूने चालवायची सवय नाही, आणि वूव्रे या वाइनच्या गावी वाइन चाखायची तर चालवणार कोण, हा प्रश्न आहेच! त्या सुमारास द्राक्षतोडणी चालू असते. तेव्हा छोटे वाइनवाले पाहुण्यांना वेळ देतात का?

सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही नाही. चीज-पाव किती दिवस पुरणार? स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी असं वाटतंय. कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर सांगा, शांबोर आणि व्हिलांद्रीच्या बागा एकाच दिवशी झेपतील का?