अनुभव धागा: जुनी स्पोर्ट्‌स कार आणि तिच्यावर जडलेला जीव

मिडलंड्सवासी

काल रस्त्यात एका शाळकरी मुलाने माझ्या गाडीचे दिवे बॉनेटमधून वर येताना पाहिले आणि पुन्हा एकदा दाखवा, म्हणून हट्ट धरला. मी स्वतः ही गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हाचे सारे आठवले, म्हणून हा धागा काढतो आहे. गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, दोन माणसांची आणि टप उघडता येणारी. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात हे मॉडेल प्रथम जगासमोर आले आणि पुढच्या पिढीत हे उघडमीट करणारे दिवे गेले.

या वयाच्या गाडीचा खरा शत्रू पाणी. कापडी टपावरून ओघळलेले पाणी सीटांच्या मागच्या दोन नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे खाली उतरते. नळ्यांत पाने आणि माती साचली, की ते दाराखालच्या पोकळ पत्र्यात शिरते आणि पत्रा आतून कुजू लागतो. बाहेर रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आतले बरेच काही गेलेले असते. त्यात इथे इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे गाडी रस्त्यावर आणण्याजोगी आहे का, हे पाहणारी दरवर्षीची सक्तीची एमओटी तपासणी जवळ आली, की माझ्या पोटात गोळा येतो. गेल्या खेपेस दोन्ही बाजूंना वेल्डिंग करावे लागले आणि त्याच सुमारास क्लचचा सिलिंडरही गळू लागला.

तरीही ती विकावी असे मनात येत नाही. तिचा वेग हे त्याचे कारण नव्हे, वेगाने जाणाऱ्या गाड्या आज कितीतरी आहेत. गिअरचा आखूड दांडा मनगटाच्या एवढ्याशा हालचालीने खटकन जागेवर बसतो, रस्त्याचा पोत स्टिअरिंगमधून तळहाताला कळतो आणि वळण किती घ्यायचे हे गाडी आपल्याला विचारते आहे असे वाटते. हे मला दुसऱ्या कोणत्याही गाडीत मिळालेले नाही. आपणही अशी गाडी सांभाळत असाल, तर जरूर लिहा.

लेस्टरची सून

दादा, आमच्याकडेही हीच गाडी आहे आणि ती मीच चालवते. टपाच्या मागची प्लास्टिकची खिडकी थंडीत इतकी कडक होते, की चेन उघडून ती सपाट खाली घातल्याशिवाय मी टपाला हातसुद्धा लावू देत नाही. सासूबाई सुरुवातीला या दोन माणसांच्या गाडीवर नाराज होत्या. आता उन्हाचा दिवस उजाडला, की डोक्याला रुमाल बांधून त्याच आधी तयार होतात.

कोथरूडकर

माझी गाडी स्पोर्ट्‌स कार म्हणता येणार नाही, तरी लिहितो. फियाट पालिओ १.६, कुर्ल्याच्या कारखान्यातली. शंभर अश्वशक्तीचे इंजिन एवढ्याशा गाडीत असल्यामुळे खंबाटकी घाट ती ज्या जोमाने चढते, ते पाहून आजही ऊर भरून येतो. पेट्रोल भरपूर पिते आणि सुट्या भागांसाठी वणवण करावी लागते, मिस्त्री सांगतात, "साहेब, जुना भाग फेकू नका, त्यावरूनच दुसरा करून घेऊ." पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण आले. एप्रिल २०२२ पासून ते शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले, शिवाय पर्यावरण कर वेगळा. सगळे भरले आणि गाडी ठेवली.

हडसनपार

इकडे न्यू जर्सीत माझी होंडा एस-२००० हिवाळाभर गॅरेजमध्ये असते. एका वसंतात आच्छादन काढले, तर उंदरांनी एअर फिल्टरच्या डब्यात घरटे केलेले आणि वायरी कुरतडलेल्या. ते सारे निस्तरून इंजिन प्रथम मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत नेले, तेव्हा जो आवाज आला त्याने हिवाळ्याचा सगळा शीण गेला.

कोथरूडकर

अरेरे! उंदरांचा उपद्रव आमच्या सोसायटीतही आहे. वायरींना तंबाखूची पाने बांधा असे सांगतात, पण मला जाळीचाच उपयोग झाला. बॉनेटखाली जिथे जिथे फट आहे, तिथे बारीक जाळी बसवून घ्या.

हडसनपार

आभारी आहे काका, या शनिवारीच बसवतो.

एक गृहस्थ

लळा मी समजू शकतो, परंतु वेल्डिंगवर दरवर्षी पैसे घालण्यापेक्षा तीच रक्कम मुलांच्या नावे ठेवावी, असे मला मनापासून वाटते. सुटे भाग एक दिवस मिळेनासे होतील, मग काय करणार?

मिडलंड्सवासी

आपली काळजी रास्त आहे. घरखर्चातून या गाडीसाठी मी काही घेत नाही, तिची रक्कम वेगळी ठेवतो. सुट्या भागांच्या बाबतीत मात्र या गाडीचे नशीब चांगले आहे. एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेतली दहा लाखावी गाडी तयार झाली, त्यामुळे जुन्या गाड्यांचे भागही पुष्कळ फिरतात. शिवाय २०१७ मध्ये कंपनीने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून देण्याची योजना जाहीर केली आणि कापडी टप, लाकडी स्टिअरिंग असे काही भाग पुन्हा करायला घेतले. एवढ्या जुन्या गाडीसाठी असे क्वचितच होते.

लेस्टरची सून

दादा, त्या नळ्या साफ कशाने करता? इथल्या एका गॅरेजवाल्याने आमच्या नळीत लोखंडी सळई घातली आणि नळी फाटली.

मिडलंड्सवासी

सळई मुळीच नको, ताई. गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची जाड दोरी घ्या, तिचे टोक मेणबत्तीवर जरा वितळवून गोल करा आणि वरून हलक्या हाताने फिरवत खाली सोडा. मग तांब्याभर पाणी ओता आणि मागच्या चाकापाशी ते दोन्ही बाजूंना सारखेच पडते ना, ते पाहा. पानगळ संपल्यावर एकदा आणि वसंतात एकदा एवढे केले, तरी पुरते.